‘ध’चा ‘मा’ : नाव आपले, शब्द दुसऱ्याचे



आपण एखादे पत्र, कविता किंवा लेख लिहितो आणि छापायला देतो. छापून आल्यावर पाहतो तो काय! लिहिलेले वाक्य गायब, न लिहिलेले वाक्य हजर, आणि खाली नाव मात्र आपलेच. अशा वेळी काय करायचे? छापणारा मोठा आणि आपण लहान, म्हणून गप्प बसायचे? की कायद्याने आपल्या हातात काही दिले आहे? या वेळच्या सदरात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

मराठीत या खोडीला फार जुने नाव आहे, ‘ध’चा ‘मा’ करणे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हुकूम ‘धरावे’ असा होता, कोणी तरी एक अक्षर बदलून तो ‘मारावे’ असा केला, अशी कथा सांगतात. ती खरी की रचलेली, हा वाद इतिहासकारांनी घालावा. पण लोकांनी त्या कथेचा वाक्प्रचार केला, कारण लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. अक्षर बदलणारा नामानिराळा राहतो आणि न केलेल्या गोष्टीचे उत्तर सही करणाऱ्याला द्यावे लागते.

आपल्या सिंधुदुर्गाचे आणि छापील शब्दाचे नाते जुने आहे. बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. ते मराठीतले पहिले वृत्तपत्र. दर्पण म्हणजे आरसा, आणि आरशाने समोरचा चेहरा आहे तसा दाखवावा. पण पुढे कित्येक वर्षे त्या आरशात आपला चेहरा दिसतच नव्हता. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतःच पुढे नोंदवून ठेवली आहे. म्हणून आपल्या समाजाला ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ अशी स्वतःची पत्रे काढावी लागली. आपला शब्द आपल्याच तोंडून जावा, एवढीच त्यामागची मागणी होती.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. एखादा मजकूर न छापणे हा छापणाऱ्याचा अधिकार आहे. महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे पहिले दोन भाग छापून ‘दीनबंधु’ने पुढचे छापणे थांबवले, आणि ‘दीनबंधु’ तर सत्यशोधकांचेच पत्र होते. जोतीरावांना त्याचा राग आला. पण जोतीरावांचे शब्द जोतीरावांचेच राहिले. मजकूर बदलून छापणे ही मात्र निराळी गोष्ट. न छापल्याने माणूस गप्प राहतो. बदलून छापल्याने त्याच्या तोंडी नको ते घातले जाते.

एक उदाहरण घेऊ. समजा, मालवण किनाऱ्यावरच्या एका वाडीतली भगिनी एका स्मरणिकेसाठी आजीची आठवण लिहिते. आजी घागर घेऊन विहिरीपासून दूर उभी राहायची. कोणी दया केली तर वरून पाणी ओतायचे, नाही तर दुपारपर्यंत उन्हात थांबायचे. ती लिहिते, ‘‘आमकां विहिरीक हात लावूक देत नसत.’’ स्मरणिकेत छापून येते, ‘‘त्या काळी गावात पाण्याची फार टंचाई होती.’’ बदलणारा म्हणेल, भाषा शुद्ध केली, कटुता काढली, आणखी काय हवे? पण यात भाषा शुद्ध झाली नाही, साक्ष बदलली. विहिरीत पाणी होते. टंचाई माणुसकीची होती. उद्या त्या भगिनीचा नातू ती स्मरणिका वाचेल आणि आपल्या खापरपणजीचा अपमान झालाच नव्हता असे समजेल, तेही स्वतःच्या आजीच्या नावाखाली.

शब्दांचा प्रश्न नाजूक आहे, तो एका फटक्यात सुटत नाही. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच झाला. आजच्या वस्तीला अपमानाचे नाव नको. पण जुनी हकीकत सांगताना एखाद्याने ‘महारवाडा’ लिहिले असेल, तर तो शब्द पुरावा आहे. तो पुसण्याचा अधिकार लिहिणाऱ्याचा, छापणाऱ्याचा नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यातली बोली आणि त्यातले शब्द कोणी गुळगुळीत करून छापले असते, तर ते पुस्तक ते पुस्तक राहिले असते काय?

या बाबतीत आपल्यापुढचा सर्वांत मोठा दाखला बाबासाहेबांचाच आहे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने १९३६ सालच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांना दिले. संतराम हे त्या मंडळाचे प्रमुख कार्यकर्ते. बाबासाहेबांनी भाषण लिहून मुंबईत छापायला घातले. ते वाचल्यावर मंडळाच्या लोकांची चुळबुळ सुरू झाली. वेदांविषयीचा भाग गाळा, हिंदू म्हणून हे माझे शेवटचे भाषण अशा अर्थाचा उल्लेख नको, अशा सूचना लाहोरहून आल्या. येवल्याची १३ ऑक्टोबर १९३५ ची घोषणा तेव्हा ताजी होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांची धास्ती कळते.

बाबासाहेबांनी २७ एप्रिल १९३६ च्या पत्राने उत्तर दिले. त्यात त्यांनी स्पष्ट कळवले की, आपण एक स्वल्पविरामही बदलणार नाही आणि भाषणावर कोणाची तपासणी चालू देणार नाही. त्याच पत्रातली दुसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. या मतांची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे, परिषदेला ती पटली नाहीत तर तिने निषेधाचा ठराव करावा, माझी काहीच हरकत नाही, असेही त्यांनी सांगितले होते. म्हणजे विरोधाला त्यांची मनाई नव्हती. त्यांची मनाई फक्त आपल्या शब्दांत दुसऱ्याने हात घालण्याला होती.

परिषद झाली नाही. बाबासाहेबांनी ते भाषण मे १९३६ मध्ये स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध केले. इंग्रजी आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रात त्यावर टीका लिहिली. बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांची टीका छापली आणि आपले उत्तरही छापले. विरोधकाचा मजकूर त्याच्या शब्दांत, आपला मजकूर आपल्या शब्दांत, आणि निवाडा वाचकाकडे. ‘जातिनिर्मूलन’ आज जगभर वाचले जाते. त्या दिवशी थोडी काटछाट मान्य केली असती, तर परिषद झाली असती, हारतुरे झाले असते, आणि हे पुस्तक मात्र उरले नसते.

पन्नास वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. महाराष्ट्र सरकारने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडांच्या रूपाने छापायला सुरुवात केली होती. वसंत मून यांनी त्या कामासाठी आयुष्य वेचले. चौथा खंड १९८७ साली निघाला, त्यात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ होते. त्यातले राम आणि कृष्ण यांच्याविषयीचे परिशिष्ट गाळा, अशी मागणी झाली. सरकार डळमळले. तेव्हा लेखक हयात नव्हता, त्याच्या वतीने समाज उभा राहिला. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. गावोगावचे कामगार आणि शेतमजूर, कडेवर मुले घेतलेल्या माय-माऊल्या त्यात चालल्या. त्यांच्यापैकी पुष्कळांनी ते पुस्तक वाचलेले नव्हते, पुष्कळांना वाचता येत नव्हते. पण बाबासाहेबांच्या लिखाणाला कात्री लावायची नाही, एवढे त्यांना नेमके कळत होते. शेवटी तोडगा असा निघाला की मजकूर राहील, आणि या मतांशी सरकार सहमत नाही, अशी टीप सोबत राहील. बाबासाहेबांनी लाहोरकरांना १९३६ मध्ये दाखवलेली वाट हीच होती. पटत नसेल तर तसे बाजूला लिहा, पण आत हात घालू नका.

आता कायदा काय सांगतो ते पाहू.

आपल्या देशात कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. आपण काही स्वतंत्रपणे लिहिले की त्याचा हक्क त्याच क्षणी आपल्याला मिळतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, लेखक म्हणून प्रसिद्ध असण्याची गरज नाही, आणि मजकूर शुद्ध भाषेतच हवा असेही नाही. मालवणीत लिहिलेली चार कडवीही त्यात येतात. पत्राचा कागद ज्याला पाठवला त्याचा होतो, पण पत्रातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो. पत्र छापायला पाठवले म्हणजे ते छापायला परवानगी दिली एवढेच. सगळा हक्क कायमचा देऊन टाकला, असा त्याचा अर्थ होत नाही. हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. अशा करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो.

या कायद्याचे कलम ५७ पाठ करून ठेवण्यासारखे आहे. त्यात लेखकाला दोन खास अधिकार आहेत. पहिला, हे मी लिहिले आहे असे सांगण्याचा. दुसरा, आपल्या लिखाणाची मोडतोड किंवा त्यात आपल्या मानाला अथवा लौकिकाला बाधा येईल असा बदल कोणी केला, तर तो थांबवण्याचा आणि नुकसानभरपाई मागण्याचा. कॉपीराइट पैसे घेऊन विकून टाकला असला, तरी हे दोन अधिकार लेखकाकडेच राहतात. जमीन विकली म्हणून आडनाव विकले जात नाही, तसेच हे आहे.

हे कलम नुसते कागदावर नाही. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ कादंबरीवर ‘समय की धारा’ नावाचा चित्रपट तयार झाला. त्यात कथेचे रूप बिघडवले म्हणून त्या कोर्टात गेल्या. हक्क विकलेला असला तरी लेखकाला दाद मागता येते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली सांगितले. दुसरे प्रकरण शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे. दिल्लीच्या विज्ञान भवनातले त्यांचे भव्य भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकले गेले, त्यात त्याची नासधूस झाली. सहगल भारत सरकारविरुद्ध लढले. २००५ साली न्यायालयाने शिल्पाचे उरलेले भाग त्यांना परत करायला लावले आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. समोर प्रत्यक्ष सरकार होते, हे विसरू नका.

मात्र कायद्याची मर्यादाही समजून घ्या. १९९४ च्या दुरुस्तीपासून मानाला किंवा लौकिकाला बाधा येते, हे दाखवावे लागते. संपादकाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, जागेअभावी दोन ओळी कमी केल्या, तर तेवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढता येणार नाही आणि चढूही नये. कसोटी एकच आहे. बदलानंतरही ते आपलेच म्हणणे राहिले का? विहिरीच्या उदाहरणात ‘आमकां’चे ‘आम्हाला’ केले, तर वाईट वाटेल, पण म्हणणे शाबूत राहते. अस्पृश्यतेची टंचाई केली, तर म्हणणेच उलटे होते.

लेखक गेल्यावर काय? कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरचा हक्क २०१६ अखेर संपला. आता ते कोणीही छापू शकतो, आणि छापावेतच. पण छापण्याची मोकळीक म्हणजे कात्रीची मोकळीक नव्हे. कलम ५७ मधील मुदतीची अट २०१२ च्या दुरुस्तीने काढली, आणि हे अधिकार लेखकाच्या कायदेशीर वारसांना वापरता येतात. आपणही स्वस्तातली पुस्तिका विकत घेताना जुन्या प्रतीशी ताडून पाहावी. वडाची साल पिंपळाला लावलेली पुस्तिका दीक्षाभूमीवरून आणली, तरी ती खरी होत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो.

मजकूर देण्यापूर्वी त्याची झेरॉक्स काढा किंवा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. शेवटी तारीख घाला आणि एक ओळ लिहा, ‘‘आशयात बदल करायचा असल्यास आधी विचारावे.’’ बदल झालाच, तर दोन्ही मजकूर शेजारी ठेवून फरक अधोरेखित करा. मग छापणाऱ्याला शांत भाषेत पत्र लिहा आणि मूळ मजकूर किंवा खुलासा त्याच जागी छापायची मागणी करा. पत्र स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने पाठवा. पुष्कळ प्रकरणे एवढ्यावरच मिटतात. वृत्तपत्राने दाद दिली नाही, तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार करता येते. दैनिक किंवा साप्ताहिक असेल, तर मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांत करावी लागते. कौन्सिल दंड करू शकत नाही, पण ताशेरे मारू शकते.

त्याहून पुढे जायचे असेल, तर जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. येथे कायद्याने लहान माणसाची एक सोय केली आहे. छापणारा मुंबईत असो की दिल्लीत, कलम ६२ प्रमाणे लेखकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो. आपल्यासाठी ते ठिकाण सिंधुदुर्गनगरी, ओरोस. वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना मोफत कायदेशीर मदत मिळते, मग उत्पन्न कितीही असो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींमधून बौद्ध झालेल्या आपल्या बांधवांनाही ही सवलत आहे. भरपाईचा दावा तीन वर्षांच्या आत करावा, हे मात्र ध्यानात ठेवा.

कविता किंवा लेख लिहिणारे थोडे, पण अर्ज आणि जबाब देणारे आपण सगळेच आहोत. तेथे तर ‘ध’चा ‘मा’ अधिक महागात पडतो. पोलीस ठाण्यात फिर्याद दिली, की ती वाचून दाखवणे, मग सही घेणे आणि फिर्यादीला प्रत विनामूल्य देणे कायद्याने बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिले आहे. म्हणून वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका, आणि कोऱ्या कागदावर तर कधीच करू नका. ग्रामसभेत बोललात, तर इतिवृत्तात काय लिहिले गेले ते पाहा. दाखवत नसतील, तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

शेवटी एक आरसा आपल्याकडेही वळवू. भीमजयंतीच्या स्मरणिका आपल्याच कमिट्या काढतात. त्यांत वाडीतल्या पोरीची कविता येते आणि कोणी तरी शिकलेला दादा ती परस्पर ‘दुरुस्त’ करतो. जलशातल्या शाहिराने शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफलेले असते. ते काढून स्वतःचे घालणारे गायकही असतात. ज्या शाहिराकडे ना घर होते ना पेन्शन, त्याच्याकडे तेवढी एक नाममुद्राच होती. कार्यकर्त्यांनी आणि गायक मंडळींनी ही गोष्ट मनावर घ्यावी. मुलीची कविता कच्ची असेल, तर तिला शेजारी बसवा, काय खटकते ते सांगा, आणि बदल तिच्या हातून करून घ्या. त्याने कविता सुधारेल आणि पोरगीही लिहिती राहील. परस्पर बदललीत, तर पुढच्या जयंतीला ती कविता देणार नाही.

हा नियम या पानालाही लागू आहे. तुमच्या पत्रातला एखादा शब्द येथे बदललेला दिसला, तर आम्हालाही तितक्याच ठणकावून विचारा.

जय भीम.